ढमढेऱ्यांना काय दिलंत?

“…आणि पाळकबाबांनी पिशवीतली ती वस्तू शेवटी ढमढेऱ्यांनाच दिली म्हणे! गुपचूप. वर्तमानपत्रात गुंडाळून. ती हातात आली आणि त्या दिवसापासून…”

इथे खालचा पाण्याचा पंप सुरू झाला.

आमच्या सोसायटीचा पंप सुरू झाला की समोरासमोर उभ्या माणसाशीही खुणेनं बोलावं लागतं. मी जिन्याच्या कठड्यावरून अर्धी खाली लोंबले, तरी पुढचं वाक्य काही हाती लागलं नाही. बोलणाऱ्या हिंगमिरेबाई भाजीची पिशवी सावरत फाटकाबाहेर पडल्यासुद्धा.

मागे वळले तर डॉक्टर पुणतांबेकर आपल्या दारात उभे. हातात दुधाची पिशवी. चेहरा असा, की जणू भूल न देता कुणी त्यांचीच दाढ उपटली आहे.

“काय दिलं?” त्यांनी मला विचारलं.

“पंप लागला हो…”

“पण ढमढेऱ्यांना दिलं ना? ढमढेऱ्यांनाच?”

“तेवढं ऐकू आलं.”

त्यांनी दुधाची पिशवी इतकी आवळली की कोपऱ्यातून बारीक धार लागली. ती नेमकी माझ्या पायपुसण्यावर. माणूस समोर जळत असताना पायपुसण्याचं काय घेऊन बसायचं!

डॉक्टर आमचे शेजारी, भिंतीला भिंत. दातांचे डॉक्टर. ढमढेरे आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. बसस्टँडजवळ त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दोघांचं एवढं जमायचं की दर रविवारी पहाटे एका गाडीतून गोल्फ खेळायला जायचे आणि येताना एकाच पुड्यातली भजी खात यायचे. जिना चढतानाही त्यांचं बोलणं संपायचं नाही. माझ्या दाराशी थांबून संपवायचे. मला सोयीचं पडायचं.

आमचं गाव छावणीचं. साहेब लोक गेले, गावाबाहेरचं त्यांचं खेळायचं माळरान राहिलं. हिरवळ म्हणाल तर नाही. प्यायला पाणी एक दिवसाआड येतं, गवताला कोण घालणार? म्हणून तिथे प्रत्येक झेंड्याभोवती बारीक वाळूत काळं तेल कालवून, दाबून, गोल अंगणासारखं केलेलं असतं. त्याला सगळे ब्राऊन म्हणतात. चेंडू लांबून टोलवत ब्राऊनपर्यंत आणायचा आणि तिथून हलकेच लोटून झेंड्याच्या भोकात घालायचा. एवढाच खेळ. पण त्या शेवटच्या लोटण्यात भल्याभल्यांची अब्रू जाते, असं डॉक्टरच सांगायचे.

शिकवणारे पाळकबाबा. रेव्हरंड शांतवन साळवे. चर्चच्या कामातून निवृत्त झाले तरी चर्चच्याच मागच्या खोलीत राहतात. खोलीच्या पायरीवरून उतरलं की माळरान. खिडकीच्या जुन्या पडद्याची शिवलेली पिशवी घेऊन खेळतात. तिच्यात चार काठ्या आणि तळाशी काहीतरी फुगीर.

ते फुगीर काय, याचीच सगळ्या गावाला चुटपुट. कारण बाबा नेहमी सगळ्यांच्या मागे राहायचे. बाकीचे पुढच्या झेंड्याकडे निघाले की हे पिशवीत हात घालायचे. काय काढायचे, काय करायचे, कुणी वळून पाहिलं नाही. पाहिलं ते एवढंच, की बाबांनी लोटलेला चेंडू घरी निघालेल्या गाईसारखा सरळ भोकाकडे जातो.

मग लोकांनी जोडायचं ते जोडलं. कुणी म्हणे इंग्रज पाद्र्यानं दिलेलं यंत्र आहे. कुणी म्हणे लोहचुंबक आहे.

या उन्हाळ्यात ढमढेरे डॉक्टरांना हरवायला लागले.

एकदा हरवलं, डॉक्टर हसले. पुन्हा हरवलं, डॉक्टर कमी हसले. मग त्यांच्याकडे खोकी यायला सुरुवात झाली. डॉक्टर दवाखान्यात आणि वहिनी शाळेत असल्या की कुरियरवाला सगळं माझ्याकडे ठेवून जायचा, म्हणून मला ठाऊक. खोकं उघडताना मी तिथेच असायचे. आता एवढं सांभाळून ठेवल्यावर आत काय आहे ते बघायला नको?

एक दुर्बीण होती. डोळ्याला लावली की झेंडा किती लांब ते आकड्यात सांगायची. दोन लाल कांड्या होत्या, पाय कुठे ठेवायचे त्यासाठी जमिनीवर मांडायला. एक रुंद पट्टा, दोन्ही हातांना मिळून बांधायचा, म्हणजे कोपरं फाकत नाहीत. वेताच्या छडीसारखी लवलवणारी एक काठी, टोकाला नारिंगी गोळा. टोपीला अडकवायची एक डबी, टिक… टिक… अशी ताल देणारी. काठीच्या तोंडाला चिकटवायचे कागद, चेंडू कुठे लागला त्याचा ठसा उमटवणारे. आणि एक आरसा, जमिनीवर ठेवून वर चेंडू मांडायचा. डोळे बरोबर चेंडूच्या वर आहेत की नाहीत ते दिसतं म्हणे.

त्यांच्या दिवाणखान्यात हिरवी पट्टी अंथरली गेली. तिच्या टोकाला एक यंत्र. चेंडू आत गेला की ते तो परत फेकायचं. टक… घर्रर… टक. आमच्या भिंतीपलीकडे सकाळ-संध्याकाळ तेच.

आणि रविवारी ढमढेरेच जिंकायचे.

तेही साध्या काठ्यांनी. वर शीळ घालत जिना चढायचे. मुद्दाम नव्हे हो, त्यांना सवयच आहे. पण ती शीळ भिंतीपलीकडे कशी लागत असेल ते मी समजू शकते.

मग एका रविवारी ढमढेरे नेहमीसारखे फाटकाशी काठ्या घेऊन उभे राहिले. डॉक्टरांची गाडी आली. ढमढेऱ्यांनी दार उघडायला हात पुढे केला. डॉक्टरांनी काच वर केली आणि गाडी पुढे काढली.

ढमढेरे हात तसाच धरून बराच वेळ उभे होते. शीळ तेव्हापासून बंद आहे.

अशात ही बातमी.

त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांच्या नीलिमावहिनी माझ्याकडे आल्या. डोळे रडून लाल.

“मालूताई, उद्या आमच्याबरोबर चला. हे बाबांकडे निघालेत. म्हणतात, एक तर ती वस्तू मला द्या, नाहीतर सगळं सामान विहिरीत टाकतो आणि या माळावर पुन्हा पाय ठेवत नाही. वर ढमढेऱ्यांशी जन्मात बोलायचं नाही म्हणतात. वीस वर्षांचा शेजार हो! दवाखान्यातही पेशंटचं तोंड उघडून ठेवतात आणि भलतीकडेच बघत बसतात. तुम्ही असलात तर जरा आवाज तरी खाली राहील.”

मी हो म्हटलं. आग्रहाची वाट कशाला बघायची?

सकाळी पोचलो तेव्हा पाळकबाबा चर्चमागच्या ब्राऊनच्या कडेला दगडावर बसून पेरूला मीठ लावत होते. अंगात बनियन, डोक्यावर पांढरी टोपी.

“बाबा, ढमढेऱ्यांना काय दिलंत?”

ना नमस्कार, ना चमत्कार. डॉक्टरांनी गाडीतून उतरता उतरताच विचारलं.

“पेरू घ्या,” बाबा म्हणाले.

“पेरू नको.”

“मग या बायकांना घेऊ द्या. आमच्या झाडाचे आहेत.”

पेरू घ्यायला मी ब्राऊनवरून सरळ निघाले. बाबांनी हात वर केला.

“बाई, तिकडून. कडेनं या. तिथे चेंडू पडलाय माझा. चेंडू आणि भोक यांच्या मधून नाही जायचं. या खेळात त्याच्यासारखा दुसरा उद्धटपणा नाही.”

मी चपला हातात घेऊन कडेनं गेले.

“बाबा, मी काहीतरी विचारलं,” डॉक्टर म्हणाले.

“विचारलंत.” बाबांनी डॉक्टरांच्या खांद्यावरच्या भल्यामोठ्या बॅगेकडे पाहिलं. “हिच्यात काय आहे?”

“माझं सामान.”

“दाखवा की. तुम्ही माझ्या पिशवीची चौकशी करताय. मी तुमचीच पाहिली तर?”

डॉक्टरांनी एकेक वस्तू काढून दगडावर मांडली. दुर्बीण, कांड्या, पट्टा, छडी, डबी, कागद, आरसा. बाजारात मांडावं तसं. मांडलं मात्र नीट ओळीनं.

मला वाटलं, आता बाबा हसतील.

बाबांनी बनियनला हात पुसले. दुर्बीण उचलली. डोळ्याला लावली.

“अरे वा! घंटा दिसतेय चर्चची. एकशे बारा म्हणतोय आकडा. इतकी वर्षं ही घंटा वाजवली, किती लांबवर आहे ते आज कळलं!”

मग त्यांनी पट्टा बांधून घेतला. मग छडी फिरवली. नारिंगी गोळा टोपीला लागून टोपी उडाली. ते हसले. डबी कानाशी धरली.

टिक… टिक… टिक…

“फार छान आहे,” बाबा म्हणाले. अगदी मनापासून. “यातलं ढमढेऱ्यांकडे काय काय आहे?”

“काही नाही.”

“त्यांनी कधी मागितलं?”

डॉक्टर बूट बघायला लागले. “दुर्बिणीतून एकदा बघू का म्हणाले होते.”

“मग?”

“मी म्हटलं, सेटिंग बिघडतं.”

“हं.”

…

“डॉक्टर, एक सांगा. यातलं कुठलं, टोला मारून झाल्यावर वापरायचं?”

“मारून झाल्यावर?” डॉक्टरांनी ओळीवरून नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. “मारून झाल्यावर काय वापरायचं असतं?”

बाबांनी पेरूचा चावा घेतला.

मग डॉक्टरांचा बांध फुटला.

“मी पहिला आलो तुमच्याकडे, बाबा! ढमढेऱ्यांना मी आणलं. काठी कशी धरायची ते त्यांना मी शिकवलं, आमच्या गच्चीवर, लाटणं हातात देऊन. आणि तुम्ही पिशवीतली वस्तू त्यांना देता? माझ्यात काय कमी पाहिलंत? सकाळी डोळे उघडले की मला आधी ढमढेरे दिसतात. आधी बायको नाही, ढमढेरे!”

“ते मला ठाऊक आहे,” वहिनी हळूच म्हणाल्या.

“वर पंखा लागल्याचा आवाज आला तरी मला वाटतं, उठला, सरावाला निघाला. पाणी प्यायलो तरी वाटतं, तो आता काय करत असेल? असं किती दिवस जगायचं? ती वस्तू मला द्या. नाहीतर सांगा तुम्ही माझे नाही. मी जातो.”

चर्चच्या कौलांवर कबुतरं बसली होती. ती उडाली आणि पुन्हा बसली.

बाबांनी ब्राऊनकडे बोट केलं. “मारून दाखवा. तिकडच्या कडेवरून.”

“आता?”

“आता.”

डॉक्टरांनी कांड्या मांडल्या. आरसा ठेवला, डोळे पाहिले, आरसा काढला. डबी टोपीला लावली. वाकून, बसून, उभं राहून, एक डोळा मिटून वाळू न्याहाळली. मग टिक… टिक… च्या तालावर चेंडू लोटला.

चेंडू निघाला. मध्ये थोडा डावीकडे वळला. भोकाच्या कडेला जवळजवळ शिवून पुढे गेला आणि थांबला.

“बघा,” डॉक्टर म्हणाले. “असंच होतं. एवढ्यासाठी. दर वेळी एवढ्यासाठी!”

बाबा भोकाकडे बघत नव्हते. वाळूकडे बघत होते. चेंडू जिथून गेला तिथे एक नाजूक रेघ उमटली होती. कुणी मुंगीच्या हातून काढून घ्यावी अशी. कुठे वळला, किती वळला, किती चुकला, सगळं त्या वाळूत दिसत होतं.

एवढ्यात फटफटीचा आवाज आला.

ढमढेरे. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. समोर डॉक्टर दिसल्यावर त्यांनी फटफटी बंद न करताच वळवायला घेतली.

“या,” बाबा म्हणाले.

“नाही बाबा, मी नंतर येतो.”

“या म्हटलं ना.”

ढमढेरे आले. माणूस केवढा आडवा! पण गेल्या काही दिवसांत उतरला होता. माझ्याकडे पाहून कसंनुसं हसले, डॉक्टरांकडे पाहिलंच नाही.

“बाबा, हे तुमचं तुम्ही परत घ्या.” त्यांनी पुडकं पुढे केलं. “मला नको. हे हातात आलं आणि त्या दिवसापासून माझा एक चेंडू आत गेलेला नाही.”

पंपानं खाल्लेलं वाक्य असं पुरं झालं.

डॉक्टरांनी झडप घातली. पुडकं हिसकावलं, कागद टराटरा फाडला.

आत गोणपाट होतं.

साधं, धान्याच्या पोत्याचं. कडा दुमडून शिवलेल्या, एका टोकाला सुंभाची दोरी ओवलेली. काळ्या तेलाचा वास येत होता. डॉक्टरांनी ते झटकलं. उलटं केलं. दुमडीत बोटं घालून चाचपलं.

“आत काय आहे?”

“काही नाही,” ढमढेरे म्हणाले. “मीही पाहिलं.”

“मग कशाला लपवत होतात?”

“गोणपाट घेऊन फिरतो म्हणून सांगू कुणाला? आणि का दिलं असं कुणी विचारलं तर काय सांगायचं?”

“का दिलं?”

ढमढेऱ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी दुसरा पेरू घेतला होता, त्याचं देठ काढत होते.

…

“डॉक्टर,” ढमढेरे म्हणाले, “मी उन्हाळाभर तुमच्या रेघेवरून मारत होतो.”

“काय?”

“तुम्ही ती दुर्बीण लावायचा, आरसे मांडायचा. मला वाटायचं, या माणसाला सगळं दिसतं आणि मला फक्त वाळू दिसते. रात्रंदिवस जळायचो मी. वरून तुमची ती टक… घर्रर… ऐकायचो आणि कूस बदलायचो. मग एकदा लक्षात आलं. ब्राऊनवर ज्याचा चेंडू लांब, त्यानं आधी मारायचं. म्हणून मी माझा चेंडू तुमच्याच बाजूला, तुमच्या थोडा पुढे येईल असा टाकायला लागलो. तुम्ही आधी मारायचा. तुमचा एवढासा चुकायचा. किती चुकला ते वाळूत दिसायचंच. मी तेवढं सोडून मारायचो. जायचा आत.”

डॉक्टर बघत राहिले.

आणि मी सांगते, खोटं नाही, त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे… तुम्ही जिंकत होतात ते माझ्यामुळे?”

“सगळं तुमच्यामुळे.”

“वाळूचं माझं वाचन बरोबर होतं?”

“माझ्यापेक्षा तर शंभर पटीनं.”

डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं, ऐकलंस ना, अशा नजरेनं. मग माझ्याकडे. आणि मग कुठेतरी आत ते पोचलं असावं.

“माझी रेघ चोरलीत तुम्ही!”

“तुम्ही पुसली नाहीत.”

“मी कशाला पुसू? ती माझी होती!”

“म्हणूनच म्हणतो!” ढमढेऱ्यांचाही आवाज चढला. “तुम्ही काच वर करून गेलात आणि दुसऱ्या रविवारी मी एकटा इथे उभा. समोर कोरी वाळू. मला काठी उचलवेना. बाबांकडे आलो, सांगितलं सगळं. बाबांनी पिशवीतून हे काढलं. म्हणाले, मारायच्या आधी पुसायचं, मारून झाल्यावर पुन्हा पुसायचं. एवढंच बोलले. तेव्हापासून पुसतोय. हात काळे झाले, चेंडू काही जात नाही.”

“बरं झालं!” डॉक्टर म्हणाले.

“झालं ना समाधान?”

“झालं!”

“मग आता घ्या ते पोतं आणि छातीशी धरून झोपा!”

“अहो…” वहिनी मध्ये पडल्या, पण दोघांनाही ते ऐकू गेलं नाही.

बाबा उठले.

गुडघ्यावर हात टेकून, हळूच. डॉक्टरांच्या हातातून त्यांनी गोणपाट काढून घेतलं. अगदी सहज, लहान मुलाच्या हातातून कात्री काढावी तसं. ब्राऊनच्या कडेकडेनं गेले. जिथून डॉक्टरांनी चेंडू मारला होता तिथे गोणपाट पसरलं आणि दोरी धरून ओढायला लागले.

रेघ पुसली जायला लागली.

“पुसू नका!”

डॉक्टर असे ओरडले की कौलांवरची कबुतरं सगळी उडाली.

बाबा थांबले. अर्धी रेघ गेली होती. अर्धी राहिली होती, वळणापासून भोकापर्यंतची.

डॉक्टरांना स्वतःलाच आपला आवाज ओळखू आला नसावा. ते तोंड अर्धवट उघडं ठेवून, हात पुढे करून उभे होते. पेशंटला खुर्चीत बसवल्यावर उभे राहतात तसे.

टोपीवरची डबी चालूच होती.

टिक… टिक… टिक…

“ती वस्तू हवी म्हणून आला होता ना?” बाबांनी विचारलं.

“हो…”

बाबांनी दोरीचं टोक पुढे केलं.

डॉक्टर बघत राहिले. गोणपाटाकडे, मग उरलेल्या अर्ध्या रेघेकडे. किती छान वळली होती ती, मलासुद्धा दिसत होतं.

…

त्यांनी टोपीवरची डबी काढली. बंद केली. खिशात ठेवली.

मग कडेनं गेले आणि दोरी हातात घेतली. पहिल्यांदा ओढलं तेव्हा गोणपाट हललंच नाही. त्यांनी वर पाहिलं.

“कमरेतून वाकू नका. चालत जा,” ढमढेरे म्हणाले. “मलाही आधी जमत नव्हतं.”

डॉक्टर चालत गेले. गोणपाट मागून सरकत आलं. रेघ गेली. वाळू ओल्या हातानं सारवल्यासारखी सपाट झाली. तिच्यावर चेंडू कधी गेला होता की नव्हता, हे सांगायला आता काही खूण नव्हती.

हिंगमिरेबाईंची बातमी अगदीच खोटी नव्हती म्हणायची. बाबांनी पिशवीतून काढून दिलं होतं, खरं. ढमढेऱ्यांनाच दिलं होतं, तेही खरं. वर्तमानपत्रसुद्धा खरं. ढमढेऱ्यांनी शरमेनं गुंडाळलेलं, एवढंच.

ढमढेऱ्यांनी फटफटीला बांधलेली काठी सोडून आणली. चेंडू खाली ठेवला. भोकाकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं, पुन्हा भोकाकडे. कपाळावर घाम. पण त्यांनी काठी मागे नेली नाही. थांबून राहिले.

डॉक्टर वाळूत, चेंडू आणि भोक यांच्या मधोमध उभे होते. हातात दोरी, मागे गोणपाट. खाली टक लावून बघत होते.

“बाबा,” ते म्हणाले. आवाज लहान झाला होता. “आता मला इथे काहीच दिसत नाही. मी काय बघू?”

बाबांनी पेरू मोडून अर्धा मला दिला, अर्धा वहिनींना.

“आधी बाजूला व्हा, डॉक्टर. ढमढेऱ्यांची पाळी आहे.”